कॉफी, फुटाणे आणि ताजेपणाचा हिशोब

कॉफी हा आपल्या सिलॅबसमध्ये नसलेला पण प्रत्येक सेमिस्टरला लागणारा विषय आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर कुणीतरी पाणी उकळत असतंच. पण ती पावडर बाटलीत येण्याआधी कुठे होती, कुणी भाजली, कधी भाजली, आणि ज्याने ती पिकवली त्याला काय मिळालं, असं विचारलं तर आपण सगळे एकदम शांत! मीही शांत होतो. पण गेल्या वर्षभरात आमच्या घरात याच प्रश्नांवर इतक्या चर्चा झाल्या, की आता त्यावर लेख लिहिण्याइतपत माहिती माझ्याकडे जमली आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं गाव सेलू, जिल्हा परभणी. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लाइनवरचं स्टेशन. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. घरी आजोबांपासून फुटाणे-शेंगदाण्याची भट्टी आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे वर्गात ‘माय फादर इज अ बिझनेसमन’ म्हणायचो. बिझनेस म्हणजे ही भट्टी!) आता फुटाणे प्लास्टिकच्या पाकिटात कुठून कुठून येतात, किराणा दुकानदार तेच ठेवतात, आणि आमची भट्टी आठवड्यातून तीन दिवसच पेटते. दादाने कॉमर्स केलंय. त्याचं म्हणणं, भाजायचं कसब आपल्याकडे आहे, तर भट्टीशेजारी पाच किलोचा छोटा कॉफी रोस्टर बसवू. बाबांचा प्रश्न एकच : “अरे पण सेलूत कॉफी पिणार कोण?”

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर नाही. पण उत्तर द्यायच्या आधी जे समजून घ्यावं लागतं, ते इथे मांडतोय.

फुटाणा आणि कॉफी : एकाच शाळेचे विद्यार्थी

कॉफीचं फळ चेरीसारखं लाल असतं. गर काढला, दाणे वाळवले, वरचं टरफल काढलं की हिरवट रंगाचा दाणा मिळतो. याला ना कॉफीचा वास, ना कॉफीची चव. चावला तर वाळलेल्या वाटाण्यासारखा लागतो. त्यात साधारण १० ते १२ टक्के ओलावा असतो. कॉफीचा जो वास आपल्याला वेड लावतो, तो संपूर्ण भट्टीत तयार होतो.

आता आमचा फुटाणा बघा. हरभरा आधी गरम करायचा, पाण्याचा हबका द्यायचा, मुरू द्यायचा, आणि मग कडक तापलेल्या वाळूत टाकायचा. वाळू का? कारण कढईचा पत्रा दाण्याला एकाच ठिकाणी टेकतो. तेवढा भाग जळतो आणि बाकी कच्चा राहतो. वाळू दाण्याला चहूबाजूंनी मिठी मारते. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, दाब वाढतो आणि दाणा फुटतो. म्हणून त्याचं नाव फुटाणा!

कॉफीच्या रोस्टरमध्ये वाळू नसते. तिथे फिरणारा ड्रम आणि त्यातून खेळवलेली गरम हवा हे काम करतात. म्हणजे थोडं कंडक्शन, बरंचसं कन्व्हेक्शन (हीट ट्रान्सफरच्या सरांनी हा लेख वाचला तर इंटर्नलचे दोन मार्क वाढवावेत ही नम्र विनंती). दाणा आधी पिवळा होतो, तेव्हा भाजलेल्या ब्रेडसारखा वास येतो. मग साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात मेलार्ड अभिक्रिया सुरू होते. पोळीवर पडणारे खरपूस डाग याच अभिक्रियेचे. दाण्याचं तापमान साधारण १९५ ते २०५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की ‘तड तड’ आवाज येतो. याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. कारण तेच, आतली वाफ आणि वायूचा दाब. आणखी भाजत गेलं तर पुढे दुसरा, बारीक आवाजाचा क्रॅक येतो. त्यानंतर दाणा काळा, तेलकट आणि कडू होतो. सगळा खेळ साधारण ८ ते १५ मिनिटांचा. आणि ‘आता काढा’ म्हणायचा क्षण काही सेकंदांचा.

मोठ्या कारखान्यात हे काम सेन्सर आणि सॉफ्टवेअर करतं. छोट्या रोस्टरीत थर्मोकपल असतो, पण शेवटचा शब्द नाक आणि कान यांचा. आमचे बाबा भट्टीकडे पाठ करून उभे असले तरी आवाजावरून सांगतात की घाण लागायला आला. दादाचा मुद्दा हाच : हे कसब विकत मिळत नाही, ते आपल्या घरात फुकट पडून आहे.

गॅसचं काय? मी कागदावर गणित मांडलं. एक किलो दाणे २५ वरून २०० अंशांवर न्यायला साधारण ३०० किलोज्यूल आणि त्यातलं पाणी उडवायला साधारण २३० किलोज्यूल. म्हणजे ढोबळमानाने ५५० धरा. पाच किलोच्या घाण्याला २७५० किलोज्यूल. एलपीजीच्या एका किलोत साधारण ४६,००० किलोज्यूल असतात. म्हणजे एका घाण्याला फक्त ६० ग्रॅम गॅस! हे ऐकून बाबा हसले आणि म्हणाले, “आणि धुराड्यातून जाते ती उष्णता कुणाच्या बापाची?” बरोबर आहे. प्रत्यक्षात यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतो. पण तरीही खर्चाचा मोठा भाग गॅस नाही, हे नक्की झालं. मोठा भाग म्हणजे दाणा. त्याकडे पुढे येतोच.

ताजेपणा म्हणजे नक्की काय?

परभणी जिल्ह्यातल्या माणसाला ताजेपणा समजावून सांगावा लागत नाही. त्याला फक्त ‘हुरडा’ म्हणायचं. आगटीतून काढलेलं कणीस, तळहातावर चोळलेले गरम दाणे, तीळ-खोबऱ्याची चटणी. तोच हुरडा डब्यात भरून दुसऱ्या दिवशी होस्टेलवर आणला तर मित्र विचारतात, “एवढं काय आहे यात?” दाणा तोच, ज्वारी तीच. गेलं ते फक्त ताजेपण.

कॉफीचं तसंच आहे, फक्त घड्याळ जरा संथ आहे. हिरवा दाणा कोरड्या, थंड जागी अनेक महिने चांगला राहतो. भाजला की मात्र काउंटडाउन सुरू. भाजताना दाण्यात कार्बन डायऑक्साइड भरतो आणि पुढचे कित्येक दिवस तो हळूहळू बाहेर पडतो. म्हणून चांगल्या पाकिटाला एक बारीक भोकाची एकेरी झडप असते. आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. झडप नसेल आणि लगेच पॅक केलं तर पाकीट फुगतं. भाजल्या भाजल्या कॉफी प्यायची नसते, ती काही दिवस मुरू द्यायची असते. त्यानंतरचे साधारण तीन-चार आठवडे तिचे सोन्याचे दिवस. मग ऑक्सिजन आपलं काम करतो. सुगंध उडतो, तेलं खवट होतात.

आणि दळल्यावर? समजा दाणा ६ मिलिमीटरचा आहे आणि आपण तो ०.६ मिलिमीटरच्या कणांत दळला. पृष्ठभाग जवळपास दहापट वाढला. म्हणजे हवेला शिरायला दहापट दारं उघडली. म्हणून दळलेली कॉफी काही दिवसांतच उतरते. मुंबईत माटुंग्याला दाक्षिणात्य वस्तीतल्या जुन्या कॉफीच्या दुकानांत गिऱ्हाइकासमोर कॉफी दळून देतात, ती काही शोबाजी नव्हे. त्यामागे हेच शास्त्र आहे.

याच दुकानांत विचारतात, “चिकोरी किती टाकू?” चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ; कॉफीला दाटपणा आणि रंग देतं, आणि स्वस्तही असतं. यात लपवाछपवी नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. पुढच्या वेळी पाकीट उलटून बघा. पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ असतं, पण ‘कधी भाजली’ बहुधा नसतं. छोट्या रोस्टरीची सगळी ताकद या एका तारखेत आहे. मोठ्या कंपनीचा माल गोदाम, डीलर, दुकान असा महिनोन् महिने फिरणार, म्हणून ती टिकाऊपणा विकते. छोटा माणूस सोमवारी ऑर्डर घेऊ शकतो, गुरुवारी भाजू शकतो आणि शुक्रवारी पार्सल करू शकतो. हिरवा दाणा टिकतो, म्हणून साठा हिरव्याचा करायचा आणि भाजायचं फक्त विकलं जाईल तेवढंच.

महाराष्ट्रात कॉफी पिकते?

हो! अमरावती जिल्ह्यात मेळघाटातल्या चिखलदऱ्याला. समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवरचं हे ठिकाण १८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेत भरलं, आणि इंग्रजांच्या काळात तिथे कॉफी लागली. महाराष्ट्रातला कॉफी पिकवणारा भाग म्हणून आजही चिखलदऱ्याचंच नाव घेतलं जातं. पण पीक थोडं. एखाद्या रोस्टरीचं वर्षभराचं पोट त्यावर भरणं कठीण.

भाजणारे मात्र आपल्या राज्यात वाढतायत. नागपुरात मिथिलेश वझलवार यांची कॉरिडॉर सेव्हन ही रोस्टरी आहे. म्हणजे कॉफीचं मोठं पीक नसलेल्या, चहाबाज विदर्भात बसूनही कॉफी भाजण्यात नाव काढता येतं. दादा बाबांना हे उदाहरण दिवसातून दोनदा ऐकवतो. बाबा म्हणतात, “नागपूर आणि सेलूत फरक आहे की नाही?” आहे. पण पार्सल दोन्हीकडून निघतं.

दाणा येणार मुख्यतः कर्नाटकातून. देशातली बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत पिकते, शिवाय आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी पिकवतात. असं सांगतात की सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधून सात दाणे आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावले. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकूच्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला जीआय मानांकन मिळालं. जसा आपला नागपूरचा संत्रा, तशी ही नावं.

कापसाचा धडा

आता मुख्य मुद्दा. पिकवणाऱ्याला काय मिळतं?

कॉफीचा इतिहास वाचताना मला सारखा कापूसच दिसत होता. १९४२ च्या कॉफी कायद्याने शेतकऱ्याने सगळा माल कॉफी बोर्डाकडे जमा करायचा अशी पद्धत आली. याला ‘पूल’ म्हणत. सगळ्यांची कॉफी एकत्र, विक्री बोर्डाची, आणि पैसे हप्त्याहप्त्याने. आपल्या महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली. तिचे हप्ते आणि बोनस यांच्या गोष्टी आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी होत्या. दोन्हींत आधार होता. आणि दोन्हींत उशीर होता. कॉफीत आणखी एक अडचण : तुम्ही जीव तोडून उत्तम दाणा पिकवला तरी तो सगळ्यांच्या ढिगात जाणार.

१९९० च्या दशकात पूल टप्प्याटप्प्याने मोकळा झाला आणि १९९६ पर्यंत शेतकरी आपला सगळा माल स्वतः विकू शकू लागला. छोट्या रोस्टरीचा जन्म या बदलात आहे. त्याआधी ‘अमुक मळ्याची कॉफी’ असं थेट शेतकऱ्याकडून घेऊन विकणं जवळपास अशक्यच होतं.

पण मोकळ्या बाजाराची दुसरी बाजूही आहे. अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या एक्स्चेंजवर ठरतो. (कापसाचाही तिथेच ठरतो, हे सेलूच्या मोंढ्यात सगळ्यांना ठाऊक आहे.) कॉफी उत्पादक आणि ग्राहक देशांनी भाव सावरण्यासाठी केलेला आंतरराष्ट्रीय करार १९८९ मध्ये कोलमडला, आणि २००१ च्या सुमारास भाव पाउंडाला ५० सेंटच्याही खाली गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच भाव ४ डॉलरच्या वर होता. कॉफीचं झाड लावल्यावर फळ यायला तीन-चार वर्षं लागतात. म्हणजे भाव बघून लावलं, आणि फळ आलं तेव्हा भाव पडला, असं होऊ शकतं. कापूस निदान पुढच्या जूनला बदलता येतो.

यावर उपाय म्हणून ‘फेअर ट्रेड’ची कल्पना आली. १८६० मध्ये नेदरलँड्समध्ये मुलतातुली या टोपणनावाने ‘मॅक्स हाव्हेलार’ नावाची कादंबरी आली होती. जावामधल्या शेतकऱ्यांकडून सक्तीने कॉफी पिकवून घेणाऱ्या डच राजवटीवर ती होती. १९८८ मध्ये त्याच देशात, त्याच नावाने, योग्य भाव दिलेल्या कॉफीचं पहिलं लेबल निघालं. ऑगस्ट २०२३ मध्ये फेअरट्रेडचा किमान भाव धुतलेल्या अरेबिकासाठी पाउंडाला १.८० डॉलर आणि वर २० सेंट सामूहिक कामासाठी, असा ठरला. बाजार पडला की हा भाव आधार देतो. बाजार चढला की त्याचा उपयोग उरत नाही. शिवाय सर्टिफिकेटला खर्च येतो, कागदपत्रं लागतात, संघटना लागते. आपल्याकडचे बहुतेक कॉफी उत्पादक छोटे आहेत. एकट्या माणसाला हा पसारा झेपत नाही. म्हणून काही रोस्टरी लेबलऐवजी थेट शेतकऱ्याशी व्यवहार करतात आणि दिलेला भाव जाहीर करतात.

पावणेदोन रुपयांची गोष्ट

“जास्त भाव दिला तर आपली कॉफी महाग होईल, मग कोण घेईल?” हा बाबांचा दुसरा प्रश्न. याचं उत्तर मी गणितानेच दिलं.

समजा हिरवा दाणा ५०० रुपये किलो मिळाला. भाजताना वजन घटतं. १६ टक्के घट धरा. म्हणजे भाजलेल्या एका किलोला दाण्याचा खर्च ५०० भागिले ०.८४, साधारण ५९५ रुपये. आता शेतकऱ्याला किलोमागे १०० रुपये जास्त दिले, म्हणजे ६०० ने घेतला. खर्च झाला ७१४. फरक ११९ रुपये. एका किलोत १५ ग्रॅमप्रमाणे ६६ कप होतात. म्हणजे कपामागे फरक किती? १ रुपया ८० पैसे!

दूध घालून पिणाऱ्याला यापेक्षाही कमी पावडर लागते. शेतकऱ्याला २० टक्के जास्त भाव, आणि पिणाऱ्याला कपामागे दोन रुपयेसुद्धा नाहीत. मॉलमधल्या कॅफेत आपण एका कपाला दोनशे-अडीचशे मोजतो, तेव्हा हे दोन रुपये कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. पण पन्नास किलोच्या एका बॅगेमागे शेतकऱ्याकडे ५,००० रुपये जास्त जातात.

मग मी हेच गणित कापसाला लावलं. एका शर्टात साधारण २०० ग्रॅम रुई धरा. कपाशीतून रुई निघते एक तृतीयांशाच्या आसपास. सूतगिरणीतली घट धरून ६५० ग्रॅम कापूस. शेतकऱ्याला क्विंटलला २,००० रुपये जास्त द्या, म्हणजे किलोला २०. शर्टाची किंमत वाढेल १३ रुपयांनी. तेरा! हा आकडा मी सांगितला तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही. आमच्या तालुक्यात क्विंटलमागे दोन हजारांनी काय काय होतं, हे मी इथे लिहायला नको.

म्हणून मला वाटतं, कॉफीच्या शेतकऱ्याला नीट भाव देणं हे आपल्यासाठी काही परदेशातून आलेलं फॅशनेबल तत्त्व नाही. आपण स्वतः त्या वजनकाट्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिलेले लोक आहोत.

आणि फक्त मालकच नाही, तर मजूरही. कॉफीची फळं एकदम पिकत नाहीत. चांगली कॉफी हवी तर फक्त लाल फळं हाताने वेचावी लागतात, पुन्हा पुन्हा. त्यासाठी लांबून मजूर येतात, जसे आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीला जातात. मळ्यातल्या मजुरांचं घर, पाणी, दवाखाना यासाठी १९५१ मध्येच स्वतंत्र कायदा झाला होता. म्हणजे प्रश्न जुना आहे. तेव्हा रोस्टरीवाल्याने मळ्यावर गेल्यावर दाणे बघावेतच, पण मजुरांच्या खोल्याही बघाव्यात.

ग्राहक म्हणून काय विचारायचं?

‘एथिकल’, ‘फ्रेश’, ‘आर्टिसन’ हे शब्द पाकिटावर छापायला काहीच लागत नाही. त्यामुळे हे साधे प्रश्न विचारा :

१. कधी भाजली? दिवस, महिना, वर्ष.
२. कुठल्या भागातली, कुठल्या मळ्याची, कुठल्या हंगामाची?
३. चिकोरी आहे का, किती?
४. शेतकऱ्याला किलोमागे काय दिलं?

पहिल्या तिघांची उत्तरं देणारे बरेच सापडतील. चौथ्याला जो न अडखळता उत्तर देईल, त्याच्याकडून बिनधास्त घ्या.

मग आमच्या भट्टीचं काय ठरलं?

सेलूत कॉफी पिणारे थोडे, हे खरंच. आमच्याकडे कॉफी म्हणजे पाहुणे आल्यावर जायफळ घालून, भरपूर दूध-साखरेची. (तीही उत्तम लागते. कुणी नावं ठेवू नयेत.) पण गिऱ्हाईक सेलूतच असायला हवं असं नाही. या होस्टेलवर, परभणी-नांदेड-संभाजीनगरला शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मुलांत ते असू शकतं.

घरात दिवाळीनंतर एक तोडगा निघाला. नवीन मशीन लगेच घ्यायचं नाही. दादा आधी चिकमगळूरला जाऊन एखाद्या छोट्या शेतकऱ्याकडून एकच बॅग आणणार. बाबा शेंगदाण्याच्या छोट्या ड्रममध्ये, गॅस कमी ठेवून, एकेक किलो भाजून बघणार. थर्मोकपल आणि तापमानाचा आलेख माझ्याकडे. तेच माझं मिनी प्रोजेक्ट. सहा महिने शंभर पाकिटं नियमित गेली तर मशीन, नाहीतर फुटाणे आहेतच. बाबांनी एकच अट घातली. प्रत्येक पाकिटावर भाजल्याची तारीख आणि शेतकऱ्याला दिलेला भाव मराठीत, मोठ्या अक्षरात छापायचा. दादा म्हणाला, “भाव कशाला? लोक घासाघीस करतील.” बाबा म्हणाले, “करू दे. मोंढ्यात आपला कापूस गेला तेव्हा पुढं त्याचं काय झालं, कितीला गेला, हे आपल्याला कुणी कधी सांगितलं का?”

तर मित्रांनो, सॅम्पल लवकरच होस्टेलवर येतील. चव घ्या, शिव्या द्या, पण तारीख बघून प्या!